मायला नेसवलेली पैठणी

गंगाखेडला एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, लग्न, निवडणूक, तेरावा, कशाचाही बॅनर मी तासाभरात करून देतो. माणूस उन्हानं रापलेला आला तरी माझ्या स्क्रीनवर तो गोरागोमटा होतो. गेलेल्या माणसाचा फोटो तर बहुतेक वेळा आधार कार्डावरचाच असतो; त्याला मी कोट घालतो, केस विंचरून देतो, मागं निळं आभाळ लावतो. जन्मभर धोतर-बनियनवर काढलेले किती तरी म्हातारे माझ्या दुकानातून कोट घालून स्वर्गात गेलेत. घरच्यांना ते फार आवडतं. "हुबेहूब आलेत" म्हणत डोळे पुसून बॅनर घेऊन जातात. त्यामुळे या धंद्यात मला कुणी शिकवावं हे मला खपत नाही. रस्त्यानं गाडीवरून जाणाऱ्याची मान वळली पाहिजे, एवढा एकच नियम मी पाळत आलो, आणि तो पाळला की बाकी सगळं आपोआप जमतं असं मला वाटायचं.

तर माझ्या बहिणीनं पुस्तक लिहिलं.

ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणतो. जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात ती अंगणवाडी चालवते. आमचे माय-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळीचा ट्रक यायचा, परत यायचे ते होळीच्या मागंपुढं. अक्काला ते बरोबर न्यायचे, भाकरी थापायला आणि कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, लक्ष ठेवायला. मला मामाकडे ठेवायचे, शाळा बुडू नये म्हणून. म्हणजे शिकायला ठेवलं मला आणि पुस्तक लिहिलं तिनं. दहावी तिनं लग्नानंतर बाहेरून बसून काढली. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर ती पाच वर्षं मायविषयी लिहीत होती, हे मला पुस्तक छापायला निघालं तेव्हा कळलं. परभणीच्या एका लहानशा प्रकाशकानं ते घेतलं आणि कव्हराचं विचारलं, तर ही म्हणाली, "कव्हर माझा भाऊ करील. त्याचं दुकानच हाय."

मी फुशारलो. खोटं कशाला बोलू?

एका दुपारी ती लिखाणाची झेरॉक्स आणि एक फोटो घेऊन दुकानात आली. "आधी वाच, मग कर," म्हणाली. मी ते बाड प्रिंटरवर ठेवून दिलं. बाप जाऊन आठ वर्षं झाली, तेव्हापासून माय माझ्याच घरी राहते, मी दुकानाला निघालो की डबा घेतला का म्हणून रोज विचारते. तिच्याविषयी मला कागदातून काय नवीन कळणार होतं?

फोटो तळहाताएवढा होता, रंग उडालेला. ऊसतोडीच्या पोरांसाठी तळावर जी साखरशाळा भरायची, तिथल्या मास्तरांनी काढलेला. तोडलेल्या उसाच्या ढिगापाशी माय उभी आहे. डोक्याला फडकं, हातात कोयता, उन्हानं डोळे बारीक झालेले, आणि लुगड्यावरून पुरुषी शर्ट. उसाचं पान हाताला कापतं म्हणून तोडणीच्या बाया असा शर्ट घालतात. मी तिला असं कधी पाहिलंच नव्हतं. मला आठवणारी माय म्हणजे होळीला परत आल्यावर, न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून मामाच्या दारात मला घ्यायला आलेली. ही अशी पुस्तकावर गेली तर लोक चुकचुकतील असं वाटलं. मायकडे कुणी चुकचुकून बघावं हे मला नको होतं.

मग मी कामाला लागलो. आधी फोटोवरचे डाग पुसले. जुन्या फोटोंना बुरशीचे ठिपके पडतातच. बाहीवर आणि पोटापाशी बरेच होते, ते एकेक करून काढले. मग शर्टच नको म्हणून तोही काढला. कोयता काढला. मायला पैठणी नेसवली, वांगी रंगाची, पदरावर मोर असलेली. अशी पैठणी तिला घ्यायचं माझ्या मनात वीस वर्षांपासून होतं आणि दर लग्नसराईत काही ना काही निघून ते राहून जायचं. चेहरा उजळला. बारीक झालेले डोळे उघडले. मागं उगवता सूर्य आणि हिरवागार ऊस लावला, वर सोनेरी, उठावाची अक्षरं टाकली. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग मात्र लावली नाही. पुस्तकाला ती नसते एवढं मला कळतं. दोन दिवस बाकीची कामं बाजूला सारली होती. बॅनर न्यायला आलेला एक जण स्क्रीनकडे बघतच उभा राहिला आणि म्हणाला, "कोन्या वार्डातून उभ्या हायेत ह्या?"

मान वळली होती. मी खूश झालो आणि लगेच अक्काच्या मोबाइलवर कव्हर पाठवून दिलं.

तिनं बघितल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी परभणीला गाडी बदलून ती स्वतःच आली. खुर्चीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "मोठं करून दाव."

मी स्क्रीनभर केलं.

"ही कोन हाय?"

"कोन म्हंजे? माय."

"कोनाची?"

मला राग आला. "अक्का, तिच्याकडं उभ्या जन्मात कुनी वळून बघितलं न्हाई. आता बघतील. तुला त्यात काय खुपायलंय?"

"लोकं बघतील रं. तुझ्या हातात कला हाय, म्या कुठं न्हाई म्हनायले?" ती शांतपणे म्हणाली. अंगणवाडीत रडक्या पोरांशी बोलतात तशी ती माझ्याशी बोलते. "पर माय काय बघल? आतलं एक अक्षर तिला वाचता येत न्हाई. पाच वर्सं म्या तिच्यावर लिहिलं, आन तिला वाचता येनार ते एवढं एकच पान. त्याच्यावर बी तिला दुसरीच बाई दिसली तर म्या लिहिलं कशाला?"

मी आवाज चढवला. मग काय डागाळलेल्या शर्टात उभी करू तिला सगळ्या जिल्ह्यापुढं, असं काहीसं म्हणालो.

"तू वाचलंस का?" तिनं विचारलं.

मी प्रिंटरकडे बघितलं. बाडावर फ्लेक्सची कातरणं पडली होती. तिनं ती झटकली, मधलं एक पान काढलं आणि बसल्या जागी वाचायला लागली.

त्या पानात शर्टाचीच हकिकत होती. तोडणीच्या बाया नवऱ्याचा जुना शर्ट घालायच्या, मायही बापाचाच घालायची. मग एका साली तिनं गावाकडून दुसरा आणला, रंगाचे डाग पडलेला. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि सुट्टीत एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवायचो. शर्ट माझा होता. टोळीतल्या बाया मायला हसायच्या, असला डागाळलेला कशाला घालतीस म्हणायच्या, आणि माय हातातला कोयता थांबवून सांगायची, ह्यो निळा पिठाच्या गिरणीचा, ह्यो लाल कपड्याच्या दुकानाचा, ह्यो पिवळा कशाचा ते इचारायचं ऱ्हायलं. पाट्या माझा ल्योक रंगवतो. मुकादमालाही तिनं हे सांगितलं होतं आणि वजनकाट्यावरच्या माणसालाही, त्यांनी विचारलेलं नसताना. "मायला अक्षर येत नव्हतं," अक्कानं लिहिलं होतं, "पण भावाचा शर्ट तिला तोंडपाठ होता."

अक्का वाचायची थांबली. मी मूळ फोटो उघडला. गिऱ्हाइकाचा मूळ फोटो मी कधी टाकून देत नाही, तेवढी सवय कामी आली. बाही मोठी केली. फोटो लहान असताना सगळे ठिपके काळपट दिसत होते. मोठे केल्यावर त्यातला एक निळसर निघाला, एक तांबूस. बुरशी म्हणून मी पुसले होते ते हेच.

मला तो शर्ट आठवला. शाळेत पोरं "पेंटर, पेंटर" म्हणून चिडवायची, म्हणून मी तो मामाच्या घरात एका कोपऱ्यात फेकला होता आणि पुन्हा अंगाला लावणार नाही म्हणून मायवर ओरडलो होतो. तिनं तो कधी उचलला, कधी ट्रकमध्ये घेऊन गेली, मला माहीत नाही. त्याचं काय झालं हे मी कधी विचारलंही नाही. आणि आता एवढ्या वर्षांनी तो मी तिच्या अंगावरून काढून टाकला होता. मला लाज वाटली. अक्कापुढं रडू येऊ नये म्हणून मी उगाच माऊस हलवत बसलो. तिला कळलंच असणार. तिनं बाहेर दोन चहा सांगितले आणि कप येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून बसली.

नव्या कव्हरावर फोटो होता तसाच ठेवला. किंचित उजेड वाढवला, तोही अक्काला विचारून. कॉम्प्युटरमधली सगळी अक्षरं लावून बघितली, पण प्रत्येकात माय कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला उभी आहे असंच वाटत होतं. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून ब्रश आणला. कैक वर्षांत ब्रश धरला नव्हता. पहिले पंधरा-वीस कागद वाया गेले, वेलांटी वळेना. मग एकदाचं जमलं. ते स्कॅन करून वर पुस्तकाचं नाव टाकलं आणि खाली अक्काचं. तिचं नाव एवढं मोठं नको म्हणून ती कुरकुरली, पण मी ऐकलं नाही. नाव लांबून वाचता आलं पाहिजे, माझ्या धंद्यातलं एवढं तरी मला ठेवू दे, असं मी तिला सांगितलं.

पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत मायला द्यायला अक्का आदल्या दिवशीच मुक्कामाला आली. सकाळी माय दारापुढं उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो. आपल्याला अशी छापली म्हणून ती नाराज होईल, ही भीती अजून गेली नव्हती.

अक्कानं पुस्तक तिच्या हातात दिलं. मायनं आधी हात पदराला पुसले. पुस्तक उन्हाकडे धरलं, जवळ आणलं, मग लांब धरलं. मला राहवेना.

"माय, आवडलं नसंल तर दुसरं बी हाय," मी म्हणालो. अक्कानं डोळे वटारले, तरी मी मोबाइल काढून पैठणीवालं कव्हर तिच्यापुढं धरलं.

मायनं ते नीट बघितलं. "झकास हाय बाई," म्हणाली. "कोनाच्या घरची?"

मी मोबाइल खिशात ठेवला. ती परत पुस्तकाकडे वळली आणि शर्टावरून बोट फिरवायला लागली.

"ह्यो मास्तरनं काढल्याला फोटू," ती म्हणाली. "त्यानं समद्या बायांला सांगितलं, शर्ट काढून ठिवा, नुसत्या लुगड्यावर फोटू चांगला येतो. समद्यांनी काढले. म्या न्हाई काढला."

"का गं?" अक्कानं विचारलं. हे तिलाही माहीत नव्हतं, तिच्या पुस्तकातही नव्हतं.

"तुझा बाप गाडी भरायला गेल्ता, तू पान्याला. तुमी दोघं संध्याकाळी कोपीवर येनारच व्हता. ल्योक तेवढा येनार न्हवता. म्हनलं, त्यो न्हाई तर त्याचा शर्ट तरी येऊ द्या फोटूत."

पुस्तक मांडीवर ठेवून ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. अक्का मला काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. मला मायकडे बघवेना, म्हणून मी कव्हराकडे बघत राहिलो.