सासऱ्यांच्या वाटेवरची रांगोळी

माझ्या सासऱ्यांचा उजवा हात सारखा सरकी काढत असायचा. हातात कापूस नसायचा, पण अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर असं फिरायचं, की बोंडातली सरकी वेगळी करत बसले आहेत असं वाटावं. मी लग्न होऊन या घरी आले तेव्हा स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि मला सतरावं लागलं होतं. सासूबाई माझ्या आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, माझे मालक आणि मी, तिघंच. पहिल्या दिवशी मी पदराआडून तो हात पाहिला आणि मनात म्हटलं, म्हातारपणी माणसाला कामाची सवय सुटत नाही. पुढे कळलं की हात त्यांच्या ऐकण्यातला राहिला नव्हता. मात्र तांब्या उचलायला हात पुढे केला की तो थांबायचा. निवांत बसले की पुन्हा सुरू.

त्या काळी सून सासऱ्याशी बोलत नसे. माझा पदर कपाळाच्या खालीच असायचा. जेवण वाढलं की मी बांगड्या वाजवायचे, ते उठायचे. त्यांना काही हवं असलं की ते भिंतीला सांगायचे. "आज वरणात मीठ जरा जास्तच वाटलं," असं भिंतीकडे पाहून म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी मी मीठ कमी टाकायचे. मला ते आवडायचं. मी मुळातच कमी बोलणारी. चौथीपर्यंत शिकले, पण गुरुजींनी विचारलं की येत असलेलं उत्तरही तोंडातच राहायचं. भिंत मधे असली की मला बरं वाटायचं.

गावात त्यांची ओळख तिफणीची होती. पेरणीच्या वेळी तिफणीने शेतात ज्या ओळी उमटतात, त्यांना आमच्याकडे तास म्हणतात. त्यांची तासं दोरी धरून आखल्यासारखी असत. लोक बांधावर उभे राहून पाहायचे म्हणे. आता तेच पाय घरात अडायचे. चालताना पावलं लहान लहान होत जायची, घाई झाल्यासारखी, आणि दारापाशी आले की पाय जमिनीला चिकटायचे. अंग पुढे जायला बघायचं आणि पाय नाही म्हणायचे. चौकट धरून ते तसेच उभे राहायचे. चेहरा हलायचा नाही, पण मला त्यांच्या मानेची शीर दिसायची.

लोकांनी याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. एकदा चावडीजवळ कोणीतरी म्हणालं, "काय पाटील, सकाळीच लावली काय?" सगळे हसले. ज्यांनी जन्मात मोहाच्या फुलाचा वासही घेतला नव्हता, ते त्या दिवसापासून घराबाहेर पडेनासे झाले.

वैद्यबुवांनी नाडी पाहून कंपवात सांगितला आणि खाजकुहिलीचं बी दुधात शिजवून द्यायला सांगितलं. ती शेंग मालकांनी नाल्याकाठच्या वेलावरून उघड्या हातांनी तोडून आणली आणि दिवसभर अंगणात खाजवत फिरले. सासरे भिंतीला म्हणाले, "एकाचा हात हालत होता, आता घरात दोघाचे हालून राह्यले." मी चुलीपुढे तोंडात पदर कोंबून हसले. ते बी सोलून, वाटून मी रोज देत होते. थोडा गुण आला असावा. सकाळी हात जरा शांत असायचा.

मग वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मीही गेले, कारण औषध मलाच द्यायचं होतं. डॉक्टरांनी त्यांना कागदावर सही करायला लावली. पहिलं अक्षर बरं होतं, पुढचं त्याहून लहान, आणि शेवटची अक्षरं मुंग्यांची रांग जावी तशी. डॉक्टर त्या रांगेकडे पाहत राहिले आणि मालकांना म्हणाले, "हा दारूचा नाही, मेंदूचा आजार आहे. तो का होतो ते अजून नीट कळलेलं नाही. जगात ठिकठिकाणी शोध चालू आहे." पांढऱ्या गोळ्या दिल्या, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. गोळीने तोंड कोरडं पडायचं, पण थरथर कमी झाली. पाय मात्र तसेच.

त्याच सुमारास बांगड्या भरणारी बाई वडनेरहून निरोप घेऊन आली. वडनेरला सासऱ्यांची धाकटी बहीण दिली होती, आमच्या आत्याबाई. भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या दारी जातो, पण सासरे दोन वर्षं गेले नव्हते. एकदा बैल लंगडतो म्हणाले, एकदा ताप आहे म्हणाले. बाई माझ्या हातात बांगडी चढवता चढवता मोठ्याने बोलली, बाहेर ऐकू जावं म्हणूनच. "सासरचे टोचतात तिले. तुह्या भावाले बाटलीनं धरलं म्हनतात. तिनं सांगितलं हाये, या साली पाट मांडून ठेवतो. रिकामा पाट उचलाले लावू नको म्हना भावाले."

बाई गेल्यावर सासरे भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "हात धरून नेलं, तर लोक म्हनतीन पिऊनच आला. आपल्या पायानं दारातून पाटापर्यंत जाता आलं, तर जाईन. नाई तर नाई." एवढंच. पण त्या दिवसापासून मला तो पाट दिसू लागला. भाकरी थापतानाही दिसायचा. न पाहिलेल्या घरातला रिकामा पाट, त्याच्याभोवती रांगोळी, समोर ताटात विझत आलेली वात.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. सासूबाईंच्या मागे घरात बाई मी एकटीच. दारापासून माजघरापर्यंत मी लक्ष्मीची पावलं काढली. मुठीची कड रांगोळीने उमटवायची आणि वर बोटांचे पाच ठिपके. एक डावं, एक उजवं. काढत काढत मागे सरकताना मला गुंगी आल्यासारखं झालं होतं. खरंच कोणी तरी हलक्या पायांनी घरात येत आहे आणि मी तिला वाट करून देत मागे जात आहे, असं.

मान वर केली तर दारात सासरे उभे. पाय चिकटलेले. त्यांनी खाली पाहिलं. पावलं पुसली जाऊ नयेत म्हणून त्यांनी एक पाय उचलला, चांगला उंच, आणि दोन पावलांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवला. मग दुसरा. तसे ते चालत आले, न अडता, थेट माजघरापर्यंत. तिथे पावलं संपली आणि ते थांबले.  मी कोपऱ्यात हातातली रांगोळी मुठीत घट्ट धरून उभी होते.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या वाटेवर रोज आडव्या रेघा काढू लागले. बिछान्यापासून दारापर्यंत, दारापासून न्हाणीपर्यंत, एका पावलाच्या अंतराने एक. रांगोळीवर पाय द्यायचा नाही ही लहानपणापासूनची सवय त्यांचा पाय उचलायची. हे कसं होत होतं मला माहीत नाही. मोकळ्या जमिनीवर अडणारा माणूस रेघ दिसली की ओलांडायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी ते भिंतीला म्हणाले, "तास जरा लांब लांब पाह्यजे." मी अंतर वाढवलं.

पुढच्या खेपेला मालकांनी हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी खडू मागवला आणि दवाखान्याच्या पडवीत स्वतः वाकून रेघा मारल्या. सासऱ्यांनी त्या ओलांडल्या. पुसून टाकल्यावर अडले. पुन्हा मारल्यावर पुन्हा चालले. डॉक्टरांनी खिशातून वही काढली आणि बराच वेळ लिहीत राहिले.

"हे सुचलं कोणाला?" त्यांनी विचारलं.

"असंच, घरी सहज," मालक म्हणाले. बायकोचं नाव परक्या माणसापुढे कसं घ्यायचं, म्हणून ते अडखळले असतील. मी बाकावर बसून पदराच्या काठाचा सुटलेला धागा ओढत होते. मी म्हणाले असते तर डॉक्टरांनी ऐकलं असतं. पण शाळेतल्यासारखंच झालं, उत्तर तोंडात राहिलं.

भाऊबीजेला आम्ही बंडी जुंपली. ठरलं असं, की वडनेरला पोचलं की मी आधी उतरायचं, सणाचा दिवस म्हणून दारापासून रेघा काढायच्या, आणि मग सासऱ्यांनी उतरायचं. रांगोळीचा डबा मी मांडीवर घेतला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. ऊन कोवळं होतं, बैलांच्या घुंगरांचा आवाज एकसारखा येत होता, आणि मला वाटायला लागलं की बंडी जागीच आहे आणि पांढरी शेतंच हळूहळू मागे वाहत चालली आहेत. सासरे समोर बसले होते. त्यांचा हात अदृश्य कापसातून सरकी काढत होता. त्या सगळ्या पांढऱ्यात तो हात वेडा वाटत नव्हता. शेतच त्यांच्या बोटांतून चाललं होतं.

नाल्यात चाक दगडावर चढलं तेव्हा माझं लक्ष नव्हतं. डबा मांडीवरून घसरला, झाकण उघडलं आणि सगळी रांगोळी पाण्यात गेली. पाणी दुधासारखं झालं. तो पांढरा ढग दगडांमधून वाट काढत दूर गेला आणि दिसेनासा झाला. मालक बैलांना हाकत होते, त्यांना कळलं नाही. सासऱ्यांनी पाहिलं.   पुढचा सगळा रस्ता मी रिकामा डबा धरून बसले होते.

आत्याबाईंच्या दारात बंडी थांबली. ओट्यावर त्यांच्या घरची पाच-सहा माणसं पान खात बसली होती. अंगण सारवलेलं, स्वच्छ, पण मोकळं. रांगोळी होती ती पार आत, पाटाभोवती. पाट उघड्या दारातून दिसत होता. मी मनात पाहिला होता त्याहून लहान होता.

मी उतरून आत्याबाईंना रांगोळी मागावी म्हणून तोंड उघडायच्या आत सासरे मालकांच्या खांद्याला धरून खाली उतरले, आणि उतरताच त्यांनी खांदा सोडला. दोन पावलं आली. मग तेच. पाय चिकटले. अंग पुढे वाकलं. 

"घ्या," ओट्यावरून कोणीतरी हळूच म्हणालं. "सांगतलं नव्हतं?"

आत्याबाई दारात ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. मालक पुढे झाले, हात धरायला. सासऱ्यांनी मान हलवली, नको.

मग मी काय केलं ते आजही मला माझं वाटत नाही. मी त्यांच्या बाजूला गेले आणि माझा उजवा पाय त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवला. ज्या सासऱ्यांसमोर मी कधी पाऊल वाजवलं नव्हतं, त्यांच्या वाटेत मी पाय घातला. जोडवी उन्हात चमकली.

"अवो, ही तर सासऱ्याले पाडून राह्यली," ओट्यावरचा एक म्हणाला.

सासऱ्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. सुनेच्या पायाकडे त्यांनी जन्मात पाहिलं नसेल. मग त्यांनी आपला पाय उचलला, उंच, अगदी महालक्ष्म्यांच्या दिवशी उचलला होता तसा, आणि माझ्या पायापलीकडे ठेवला. मी पाय काढला, पुढे ठेवला. त्यांनी ओलांडला. पुन्हा ठेवला. माझा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि तो सावरायला मला हात नव्हता, कारण एका हातात अजून तो डबा होता आणि दुसरा मी तोल जाऊ नये म्हणून लांब धरला होता.

अर्धं अंगण झालं असेल. मला दम लागला होता. तेवढ्यात आत्याबाईंनी ताट खाली ठेवलं, दारातून उतरल्या आणि माझ्या पुढे येऊन आपला पाय आडवा केला.

"ये, भाऊ," त्या म्हणाल्या. "लहानपनी नाला आला का तू मले एकेका दगडावरून नेत होता. आता माह्या पायावरून ये."

मग एक पाय माझा, एक पाय त्यांचा.  ओट्यावरचे एक म्हातारे गृहस्थ पान थुंकून उभे राहिले आणि त्यांनी दारातली चप्पल बाजूला सरकवली. सासरे पाटापर्यंत गेले. बसताना मालकांनी हात दिला, तो त्यांनी घेतला. आत्याबाईंनी ओवाळलं तेव्हा त्यांचा हात मांडीवर सरकी काढत होता. आत्याबाईंनी ओवाळून झाल्यावर तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि म्हणाल्या, "हालू दे. माह्यावालाच भाऊ हाये."

येताना सांज झाली होती. नाल्यात चाक पुन्हा दगडावर चढलं. पाणी स्वच्छ होतं. मी वाकून पाहिलं, तरी पांढरं काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून मूठभर रांगोळी मागून आणून मी रेघा काढत होते. सासरे बिछान्यावर उठून बसले होते. थोडा वेळ पाहत राहिले. भिंतीकडे नाही.

"पोरी," ते म्हणाले, "तिसरं तास वाकडं हाये."

मी बांगड्या वाजवणार होते. पण त्या क्षणी हात रांगोळीत होता.

"नीट करतो, मामाजी," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच परका वाटला. मी तिसरी रेघ बोटाने पुसली आणि पुन्हा काढली, यावेळी दोरी धरल्यासारखी. ते उठले, चौकट न धरता दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. "डॉक्टरची तारीख कधी हाये?" त्यांनी विचारलं. मी सांगितली.

"या खेपेले मी सांगतो त्याले, कोनं काढलं ते," ते म्हणाले आणि पुढची रेघ ओलांडून अंगणात उतरले.