बेचाळीस नंबरवरून आलेलं ‘नंतर’

रविवारी दुपारी ऑफिसात मी एकटाच होतो... निदान माझी तशी समजूत होती.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी कॉम्प्युटरचं काम बघतो. साठ पीसींवर एकदम अपडेट टाकायचं होतं, म्हणून मशीन चालूच ठेवा अशी नोटीस शनिवारीच लावली होती. रीस्टार्टआधी प्रत्येक स्क्रीनवर मी लिहिलेला मेसेज येतो... ‘सेव्ह न केलेलं काम कायमचं जाईल.’ खाली दोन बटणं, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. कोणी काहीच दाबलं नाही, तर मशीन आपोआप रीस्टार्ट होतं.

रिकाम्या हॉलमध्ये एकेक स्क्रीन काळी होत गेली, परत उजळत गेली. यादीत एकोणसाठ हिरवे झाले... आणि बेचाळीस नंबरवरून उत्तर आलं, ‘नंतर’.

बेचाळीस म्हणजे लॅबमधला साळवेकाकांचा पीसी. दीड महिन्यापूर्वी काका जेवायला घरी गेले, ते परत आलेच नाहीत. हार्ट अटॅक.

पंधरा मिनिटांनी मेसेज पुन्हा गेला. पुन्हा ‘नंतर’... इथूनच जबरदस्तीने रीस्टार्ट करता येत होतं. बोट बटणापर्यंत गेलंही होतं, कामाच्या घाईने की भीतीने, ते अजून नीट सांगता येत नाही.

शेवटी उठलो, लॅबचं दार लोटलं.

काकांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी, स्टुलावर आमचे शिपाई गणपतमामा. हात माऊसवर. मागच्या दाराची चावी त्यांच्याकडे असते, हे मी विसरलोच होतो.

“मामा! जीव गेला असता माझा.”

“भूत वाटलो का सर? भूत कशाला बटण दाबत बसंल?” मग हळूच म्हणाले, “साहेब जेवून येतो म्हणून गेल्ते. काम अर्धंच राह्यलं. कायमचं जाईल, असं तुम्हीच लिहिलंय ना? मंग कसं जाऊ देऊ?”

मागच्या महिन्याच्या अपडेटलाही बेचाळीस असाच मागे राहिला होता. मी नेटवर्कला दोष देऊन मोकळा झालो होतो...

स्क्रीनवर उगवण चाचणीचा तक्ता होता. बियांच्या सतरा ट्रेंच्या नोंदी, अठराव्यासमोर रिकामा रकाना आणि लुकलुकणारा कर्सर. फाईल एकदाही सेव्ह केलेली नव्हती.

मी ती काकांच्या नावाने सेव्ह केली, बंद करून पुन्हा उघडून दाखवली. मामांनी अठराव्या रकान्यापर्यंत बोट फिरवून खात्री केली. मग त्यांनीच ‘आत्ता’ दाबलं.

चार वर्षं तो मेसेज पाठवतोय. शेवटपर्यंत वाचणारा माणूस एकच निघाला... आणि तो मी नव्हतो.