पोतनीसकाका आणि बॅटरीचं पाणी

पोतनीसकाका सकाळी साडेसहाला ऑर्किडची कुंडी उजव्या तळहातावर घ्यायचे आणि डोळे मिटायचे.  मग डोळे उघडून सांगायचे, "हिला आज नको." ती खाली ठेवून दुसरी उचलायची. "ही तहानलीय." त्यांच्या हॉलमधल्या पूर्वेच्या खिडकीपाशी अशा चौदा कुंड्या होत्या आणि प्रत्येकीचं कोरडं वजन, ओलं वजन त्यांच्या हाताला पाठ होतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे सहा वर्षं मीही डोळे मिटून हेच करत होते.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. काकूंच्या सांगण्यावरून मी आमच्या मंडळाच्या अंकात त्यांच्यावर एक लेख लिहिला. चांगला झालाय म्हणतात. हा दुसरा. हा काकूंना दाखवणार नाही.

बडोद्याच्या फतेगंजातल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दार आणि आमचं दार समोरासमोर. काका एका मोठ्या कारखान्याच्या पाण्याच्या लॅबमधून निवृत्त झालेले. बॉयलरला जाणारं पाणी तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. पहिलं ऑर्किड त्यांनी गंगटोकच्या सहलीतून मांडीवर घेऊन आणलं, रेल्वेत कुणाला हात लावू दिला नाही म्हणे. तेव्हा बडोद्यातल्या नर्सऱ्यांत ही झाडं नुकती यायला लागली होती. हौशी लोक आणायचे आणि उन्हाळ्यात मारायचे. काकांच्या घरी मात्र फेब्रुवारीत पांढऱ्या-जांभळ्या फुलांच्या काठ्या वाकलेल्या असायच्या. रविवारी अलकापुरीपासून बायका बघायला यायच्या. "काका, शुं करो छो तमे?" असं विचारायच्या. काका दोन्ही हात पुढे करून दाखवायचे. "आ हाथ छे, बेन. बीजुं कंई नथी." सगळं हातात, दुसरं काही नाही.

हाताची गोष्ट आमच्या घरात वेगळी होती. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले, दोनदा पडलं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांचं एक वाक्य होतं, "सुधाच्या हाताला काही लागत नाही." दही नीट लागलं नाही की हे वाक्य. तुळस वाळली की हे वाक्य. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते, पानंच्या पानं एक चूक न करता काढायची, पण घरी आले की माझे हात बिनकामाचे व्हायचे. हे सगळं काकांना माहीत होतं. एका दुपारी त्यांच्याच स्वयंपाकघरात काकूंपाशी मी रडले होते आणि काका दारात चहाचा कप घेऊन उभे होते.

त्यानंतर आठवड्यानं त्यांनी मला पिल्लू दिलं. ऑर्किडच्या फुलाच्या काठीवर कधीकधी छोटंसं रोप फुटतं, त्याला ते पिल्लू म्हणायचे. दोन पानं, करंगळीएवढी तीन मुळं. "घे. हे तुझं. आता वाढव."

आणि शिकवलंही किती मनापासून! मुळं चंदेरी दिसली तर पाणी, हिरवी असली तर थांबायचं. "घड्याळाला विचारू नकोस सुधाबेन, मुळांना विचार." कुंडी बेसिनमध्ये ठेवायची, पाणी बारीक धारेनं घालायचं, खालून वाहून जाईपर्यंत. पाव तास निथळू द्यायचं. बशीत पाणी साठलं तर ते रागवायचे, "आलेलं पाणी गेलं पाहिजे. थांबलं की कुजलं." पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर जुन्या मऊ बनियनच्या तुकड्यानं टिपायचा. आणि मी एकदा रोज पाणी घालते म्हटल्यावर, "अगं, झाड तहानेनं मरत नाही. प्रेमानं मरतं." मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ऑफिसात दहा जणींना सांगितलं.

सगळं करूनही माझं झाड सुकत गेलं. पानांची टोकं जळायची. मुळांची टोकं काळी पडायची. दोनदा कळीची काठी आली, दोन्ही वेळा कळ्या पिवळ्या पडून गळाल्या. प्रत्येक वेळी मी कुंडी घेऊन समोरच्या दारात जायची. काका कुंडी तळहातावर घेत, डोळे मिटत, मग माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघत.

"हात जड आहे तुझा, सुधा. पाणी हात ओळखतं."

"मग काय करू, काका?"

"काही नाही. शांती राखायची. एखाद्याचा नसतो हात."

मी मान खाली घालून परत यायची. सासूबाई दारातच विचारायच्या, "काय म्हणाले?" मी सांगायची. खोटं बोलायची सवय नव्हती मला.

दर रविवारी रावपुऱ्यातल्या बॅटरीच्या दुकानाचा माणूस स्कूटरवरून पाण्याचे दहा-दहा लिटरचे दोन कॅन आणून जिन्याखाली ठेवायचा. इन्व्हर्टर तेव्हा घरोघरी नवे आले होते, त्यांच्या बॅटरीत हे पाणी घालतात एवढं मला ठाऊक होतं. काकांचे गुडघे दुखायचे म्हणून बऱ्याचदा ते कॅन मीच वर आणून द्यायची. "काका, तुमची बॅटरी फार पाणी पिते हो," असं मी एकदा म्हटलंही. काका खळखळून हसले. म्हणाले, "जुनी झालीय, तुझ्या काकांसारखी." मीही हसले. आमच्याकडेही इन्व्हर्टर होता आणि त्याला वर्षाकाठी दोन बाटल्या पुरायच्या. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माणसावर विश्वास असला की असंच होतं.

पाचव्या वर्षी सासूबाई गेल्या. शेवटच्या दुखण्यात मी त्यांना भरवायची तेव्हा त्या माझा हात धरून ठेवायच्या. पण हाताबद्दलचं त्यांचं मत जाईपर्यंत तेच होतं.

पुढच्या मे महिन्यात काका जिन्यात पडले. मांडीचं हाड मोडलं. काकू दवाखान्यात राहायला गेल्या आणि जाताना मला किल्ली देऊन गेल्या. काकांनी स्ट्रेचरवरून मला एकच निरोप दिला होता, "कुंड्यांना हात लावू नकोस. आठ दिवस त्यांना काही होत नाही." आठव्या दिवशी डॉक्टरांनी आणखी तीन आठवडे सांगितले. संध्याकाळी काकू कपडे न्यायला आल्या आणि माझ्या हातात चिठ्ठी ठेवून घाईनं गेल्या. काकांचं अक्षर, लॅबच्या रजिस्टरमधल्यासारखं सुवाच्य:

"सुधा, पाणी फक्त बाल्कनीतल्या बॅटरीच्या कॅनमधलं, डिस्टिल्ड, घालणे. नळाचं चुकूनही नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार आहेत, त्यानं मुळं जळतात, कळ्या गळतात."

मी त्यांच्या बेसिनपाशी उभी राहून ती तीनदा वाचली. मुळं जळतात, कळ्या गळतात. माझ्या झाडाचा सहा वर्षांचा आजार त्यांनी एका ओळीत लिहिला होता. तीस वर्षं पाणी तपासलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी माहीत होतं. माझा हात हातात घेऊन बघत होते तेव्हाही माहीत होतं. स्वतःच्या चौदा कुंड्यांवर बेतलं तेव्हा खरं बाहेर आलं. माझ्या एका कुंडीसाठी आलं नाही, माझ्यासाठीही आलं नाही.

नळ समोरच होता. खोटं कशाला सांगू, मी तो सोडलाही. बादली अर्धी भरली. मग त्या झाडांची वाळलेली चंदेरी मुळं बघितली आणि बादली मोरीत ओतून दिली. झाडांनी माझं काही केलं नव्हतं. कॅन आणला, एकेक कुंडी बेसिनमध्ये ठेवून बारीक धारेनं पाणी घातलं, निथळू दिलं, बनियनच्या तुकड्यानं बेचकी टिपली. तीन आठवडे. एकही पान पिवळं पडलं नाही. आणि प्रत्येक वेळी एक तांब्याभर पाणी मी माझ्या झाडासाठी घरी नेलं. चोरी म्हणायची तर म्हणा.

पुढे रावपुऱ्यातून मी माझा कॅन आणायला लागले. फेब्रुवारीत माझ्या झाडाला काठी आली. सात कळ्या. एकही गळली नाही. सातवं फूल उमललं त्या सकाळी कुंडी घेऊन मी समोर गेले. काका वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत बसले होते. त्यांनी कुंडी तळहातावर घेतली, डोळे मिटले.

"वा. हात सुधारला हं तुझा, सुधा."

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. ती त्यांनीच लिहिलेली होती, त्यांनाही ते माहीत होतं, आणि तरी हे वाक्य. मी म्हटलं.

"हात तोच आहे, काका. पाणी बदललं."

काका डोळे मिटूनच बसले. काकूंनी चहा आणला. काका म्हणाले, "साखर कमी आहे आज." एवढंच. माफी नाही, स्पष्टीकरण नाही. पुढे दोन वर्षं रोज भेटलो, दिवाळीचा फराळ दिला-घेतला, त्यांना औषधं आणून दिली. कुंड्यांबद्दल एक अक्षर ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

ते गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं आणि खिडकीकडे हात केला. "ही सगळी तू घेऊन जा. ह्यांची तशीच इच्छा होती. नेहमी म्हणायचे, सुधाचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधी म्हणायचे?"

"पहिल्यापासून. तुला पिल्लू दिलं ना, त्याच वर्षी. म्हणाले, पाण्यात एवढे क्षार असून हिनं रोप जगवलंय, माझ्याच्यानं झालं नसतं. हिला ते पाणी मिळालं तर माझ्याकडे कोण येईल बघायला?" काकू डोळे पुसता पुसता हसल्या. "लहान मुलासारखे होते गं अगदी."

त्या हे कौतुक म्हणून सांगत होत्या. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मी ज्यांच्यापाशी रडले होते त्यांना. मी पदर सावरला आणि एकेक कुंडी उचलून घरी आणली, चौदा खेपा घातल्या.

आता रोज साडेसहाला मी कुंडी तळहातावर घेते. डोळे मिटत नाही. खालच्या मजल्यावरची नवीन मुलगी परवा विचारत होती, आंटी, याची ट्रिक काय? मी तिला आधी दुकानाचा पत्ता दिला, मुळं-बिळं नंतर सांगितली.

मंडळाच्या अंकातला लेख काकूंनी कापून काकांच्या फोटोशेजारी लावलाय. "काकांनी मला सगळं शिकवलं" असं शेवटचं वाक्य आहे त्यात. जाता-येता दिसतं. बाकीचा लेख खरा आहे.