आमदारांचा फोन

"त्या पोरीची बदली करा, नाहीतर मी दिल्लीपर्यंत जातो!" आमदारांनी आमच्या साहेबांना दम भरला. ती पोरगी म्हणजे शालन, कोल्हापूरच्या टेलिफोन एक्सचेंजमधली ऑपरेटर. घरात कमावणारी ती एकटी. बदली झाली तर आई तिला परगावी एकटी धाडणार नाही, नोकरीच सोडायला लावणार, म्हणून ती माझ्यासमोर रडत होती. मी तिची सुपरवायझर. माझं डोकंच फिरलं.

तेव्हा परगावी बोलायला ट्रंक कॉल करावा लागे. ऑपरेटरला नंबर सांगायचा, तिनं बोर्डात कॉर्ड खोचून तो जोडून द्यायचा, पैसे तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं. हे आमदार रोज मुंबईचा कॉल नोंदवत आणि लागेपर्यंत ऑपरेटरशी घाण बोलत. आज काय नेसलीस, ड्यूटी कधी सुटते, रेस्ट हाउसवर ये. पुढचं मी लिहीत नाही. बाकीच्या मुली मुकाट सोसत होत्या. शालननं कॉर्ड उपसली, म्हणून ती उर्मट ठरली!

साहेब भले, पण भित्रे. "बाई, आमदार आहेत ते. पुरावा काय?"

"पुरावा रोज येतोय की. तुम्हीच ऐका."

काम नीट चाललंय का हे बघायला सुपरवायझरला कुठल्याही लाइनवर ऐकता येतं. आमदारांना हे माहीत नसावं. दुपारी त्यांच्या नंबरचा दिवा लागला तसा मी हेडफोन साहेबांच्या कानावर चढवला. थोड्याच वेळात त्यांना घाम फुटला.

"शी! परवा याच्या गळ्यात मी हार घातला हो!"

फोनवर अश्लील बोलणाऱ्याची लाइन तोडावी, असा खात्याचा नियमच होता. आमदाराला तो लावायचं धाडस कुणाला झालं नव्हतं, इतकंच.

"लावा की साहेब," मी म्हटलं. "आपलं खातं दिल्लीचं. यांचं वजन चालतं ते मुंबईत."

साहेबांनी सही केली आणि लाइन बंद झाली.

सोमवारी आमदार स्वतः एक्सचेंजमध्ये, लोक ट्रंक कॉल नोंदवायला येत त्या आमच्या काउंटरवर हजर. मुंबईत मंत्रिपदं ठरत होती, त्यांचा जीव टांगणीला. रांगेत जयसिंगपूरचे व्यापारी, बिद्रीचे शेतकरी. एकानं विचारलं, "काय साहेब, घरचा फोन बिघडला व्हय?"

"व्हय, बिघडलाय."

"बिघडला न्हाय पावणं," मी काउंटरमागून म्हटलं. "आमच्या पोरींशी घाण बोलले, म्हणून तोडलाय."

"ए बाई, तोंड सांभाळ! मी कोण हाय, ठाऊक हाय न्हवं?"

"हाय की. आमच्या साहेबांनी फोनवर तुमचा आवाज लगेच ओळखला."

रांगेतला मागचा एक म्हातारा कडाडला, "त्यासाठी मत दिलतं व्हय रं तुला? आदी त्या पोरीची माफी माग!"

आमदारांनी इकडंतिकडं बघितलं. कुणीच त्यांच्या बाजूनं बोलेना. कॉल नोंदवून ते बूथमध्ये शिरले. बूथचं दार मोडकं, आतलं सगळं बाहेर ऐकू येई. बोर्डवर शालनच होती. आमदार फोनमध्ये पुटपुटले, "बाई, चुकलं माझं."

"मोठ्यानं!" म्हातारा ओरडला.

"चुकलं माझं! माफ करा!"

शालननं बोर्डात कॉर्ड खोचली. आवाज नेहमीसारखा ठेवून ती म्हणाली, "मुंबई लागली आहे. तुमची तीन मिनिटं सुरू झाली."

बदलीचा विषय तिथंच संपला. आमदारांना मंत्रिपद मिळालं नाही. ते आमच्यामुळं, असं मी म्हणणार नाही. घरची लाइन मात्र लेखी हमी घेतल्याशिवाय आम्ही जोडली नाही. जनतेनं दिलेली खुर्ची काढून घ्यायला पाच वर्षं थांबावं लागतं. फोन तोडायला एक सही पुरते, फक्त ती करणारा हवा.