वाळ्याच्या वासातली तोंडी परीक्षा

साहित्य माणसाला संकटातून तारतं. आज कूलरच्या नव्या ताट्या भिजल्या आणि वाळ्याच्या वासाने ब्रह्मपुरीतली एम.ए. इंग्रजीची तोंडी परीक्षा आठवली. मे महिना होता. कूलरसमोर बसलेल्या बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "इंग्लंडचे कवी उन्हाळ्यावर एवढे खूश का?" मी प्रश्नच पुन्हा म्हणत वेळ काढू लागलो. नापास झालो तर वर्ष जाणार होतं.

तेवढ्यात लाइन गेली आणि कूलर बंद पडला.

"लाइन आता संध्याकाळीच येईन, सर," शिपाईभाऊ उत्साहाने म्हणाले.

परीक्षकांनी खिडकी उघडली आणि झळ लागताच लावून घेतली.

मी म्हणालो, "सर, ते कवी इकडे आले नसतील."

"करेक्ट! पुढच्याला पाठवा."

मी पास झालो. आपलं उत्तर फारच मार्मिक होतं, असं तेव्हा वाटलं. माझ्यानंतरच्या सगळ्यांना त्यांनी फक्त नाव विचारलं. तेही पास झाले.