करमाडची वाट आणि घर-जमीन मंडळ

सांगलीहून रात्रभर बसने प्रवास करून मी छत्रपती संभाजीनगरला उतरले, तेव्हा ऊन अजून कोवळे होते. लेणी पूर्वी पाहून झाली होती. या वेळी आले ती माझी मैत्रीण सुधा हिच्या आग्रहाने. ती इथल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. तिच्या विद्यार्थ्यांनी ‘घर-जमीन मंडळ’ नावाचे मंडळ काढले होते. ज्यांना पुढे जमिनी, घरे, प्लॉट यांच्या व्यवसायात जायचे आहे, अशी मुले-मुली त्यात होती. ‘दलाल होण्यासाठी मंडळ कशाला?’ असे मी फोनवर म्हटले, तर सुधा म्हणाली, “ये आणि बघ.”

संध्याकाळी मंडळाचा प्रमुख समीर आम्हाला शहागंजच्या बाजारात घेऊन गेला. त्याच्या वडिलांचे तिथे कापडाचे दुकान आहे. एवढ्या दाटीतही समीर वर बघत चालत होता. कोणत्या माडीवर ऊन येते, कुठला जिना भाडेकरूंना अडचणीचा आहे, हे तो दाखवत गेला. एका जुन्या खानावळीत त्याने आम्हाला नान-खलिया (तंदुरी रोटी आणि मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा) खाऊ घातला. माझ्या डोळ्यांना पाणी आलेले पाहून म्हणाला, “मॅडम, पानी नक्को पिओ, और लगेगा. नान खाओ.”

खाता खाता तो उद्याबद्दल बोलला. करमाडजवळ अंबादासकाका नावाचे एक शेतकरी आपल्या रानात प्लॉट पाडत होते. गिऱ्हाइके आणून जागा दाखवण्याचे काम ते मंडळाला देणार होते. असे खरे काम मिळावे म्हणून समीर कितीतरी महिने शेतकऱ्यांचे उंबरठे झिजवत होता. “पहिलं काम आहे, मॅडम,” तो म्हणाला. “हे झालं तर लोक आम्हाला पोरं समजणार नाहीत.”

सकाळी मंडळाच्या मुलांबरोबर छोट्या बसने जालना रस्त्याने निघालो. चिकलठाण्याचे कारखाने आणि विमानतळ मागे पडले, नव्या इमारती विरळ झाल्या आणि दोन्ही बाजूंना तुरीची, कापसाची रानं दिसू लागली. करमाडच्या अलीकडे बस कच्च्या रस्त्याला वळली आणि काळ्या मातीत तिचे चाक रुतले. आम्ही सगळे उतरून ढकलू लागलो. गाडी निघाली, पण माझ्या चपलेचा बंद तुटला. कविता नावाच्या मुलीने आपल्या ओढणीच्या काठाची चिंधी फाडून तो बांधून दिला. ती त्याच भागातल्या मेंढपाळ कुटुंबातली. घरचे आता थोडी शेती आणि मजुरीही करतात. मंडळात ती सर्वांत कमी बोलणारी, असे सुधाने मला सांगितले होते.

अंबादासकाका बांधावर वाट पाहत होते. साठीचे, पांढरी टोपी, हातात गुंडाळलेला नकाशा. जमिनीवर फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) प्लॉटच्या रेघा आखल्या होत्या. रस्त्यालगतचे दोन कोपऱ्याचे प्लॉट त्यांनी कौतुकाने दाखवले. मुले मापे घेऊ लागली. कविता मात्र नकाशा हातात धरून एकाच जागी उभी होती.

“काका, इथून वाट होती ना?” तिने विचारले.

“व्हय, पाऊलवाट हाय. कागदावर नाय ती.”

एवढ्यात चढावरून मेंढरांचा कळप उतरला. मागे काठी घेऊन एक बाई होत्या. कळप सवयीने थेट कोपऱ्याच्या प्लॉटांवरून, फक्कीच्या रेघा तुडवत, खालच्या ओढ्याकडे निघाला. मुले हसली. कविता हसली नाही.

“ती माझी चुलती, गयाबाई,” ती म्हणाली. “रोज इथूनच पाण्याला नेते. इथं भिंत झाल्यावर कुठून नेणार?”

काकांचा चेहरा उतरला. “मग काय पलाट सोडून देऊ? पोरी, लई खर्च झालाय माझा.”

“मेंढरांचंच नाय, काका. पावसाळ्यात वरच्या रानाचं पाणी याच वाटेनं खाली येतंय. इथं घर बांधणाऱ्याच्या दारात शिरंल. त्याला आपण काय सांगायचं?”

काकांनी समीरकडे पाहिले. “तुला काम पाहिजे का नको? नसंल तर शहरात दुसरे लई हायत.”

मला समीरची धाकधूक दिसत होती. त्याने तुडवलेल्या रेघांकडे पाहिले. मग म्हणाला, “काम पाहिजे, काका. पण वाट नकाशात आली तरच आम्ही गिऱ्हाईक आणू. नायतर आम्हाला जमणार नाय.”

काका कडुलिंबाखाली जाऊन बसले. स्वयंपाक झालेला होता म्हणून आम्हाला जेवायला बोलावणे आले. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी). इतकी चविष्ट आमटी मी क्वचित खाल्ली असेल, पण कुणाचेच जेवणात लक्ष नव्हते. काकांनी गयाबाईंनाही हाक मारली. त्या आल्या, लांब बसल्या.

“तुमची मेंढरं आमच्या रानात बसायची,” काका भाकरी मोडत म्हणाले. “बापाच्या काळात. खत व्हायचं.”

“व्हय,” गयाबाई म्हणाल्या. “तुमची माय आम्हाला पायली पायली ज्वारी द्यायची.”

हात धुऊन काका उठले, फक्कीचे घमेले उचलले आणि कविताच्या पुढ्यात ठेवले. “आख तुझी वाट. रुंद आख, कळप मावंल एवढी. दोनाचा एकच पलाट व्हईल, होऊ दे.”

मुलांनी पायाने जुन्या रेघा पुसल्या. समीरने टेप धरला, कविता फक्की सोडत ओढ्यापर्यंत गेली. काका मागून “डावीकडं घे, तिकडं खोलगट हाय” असे सांगत होते. काम समीरच्या मंडळालाच मिळाले.

दुसऱ्या दिवशी कविता मला बसवर सोडायला आली. पुढे काय करणार, असे मी विचारले.

“करमाडला ऑफिस टाकायचंय,” ती म्हणाली. “काचेचा दरवाजा नको. वस्तीवरची बाई चप्पल न काढता आत यावी आणि खुर्चीवर बसावी, असं पाहिजे.”

बस सुटली. आमच्या सांगलीतही अशी कार्यालये आहेत. त्यांच्या काळ्या काचांवरून मी वर्षानुवर्षे माझेच प्रतिबिंब बघत पुढे जात आले. आत कुणाला बसता येईल याचा विचार करणारे कुणी त्या धंद्यात यायला निघाले आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत, एका मितभाषी मुलीकडून कळले. घरी पोचल्यावर सुधाला फोन केला आणि सांगितले, तुझ्या मुलांना दलाल म्हटले, तो शब्द मी मागे घेते.