अक्काचा बिनकडेचा मांडा

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुरडयांचा चीक घोटत होते. चीक चुलीवर चढला की बाईला जागचं हलता येत नाही, हात जरा थांबला की गाठी होतात. फोन शेजारच्या मारवाडी काकूंच्या दुकानात होता. त्या ओट्यावर येऊन म्हणाल्या, "विमलताई, भुसावळहून फोन होता. तुमच्या जाऊबाई..." आणि थांबल्या. खरं सांगते, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे, माझ्या मनात पहिलं हेच आलं की बघा, जाता जाता बाईने माझा चीक नासवला! रडू आलं ते त्यानंतर. चिकाच्या गाठी झाल्या, तो तसाच गाईपुढे ठेवला आणि दुपारच्या गाडीने आम्ही भुसावळला गेलो.

त्याला आता काही आठवडे झाले. धाकटी मुलगी म्हणाली, आई, मोठ्या आईबद्दल तू लिही, तूच तिला सगळ्यात जास्त ओळखत होतीस. ओळखत होते खरी. शकुंतला तिचं नाव, माझी थोरली जाऊ, अख्ख्या गल्लीची शकूअक्का. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण वाईट बोलावं असं तिच्यात काही नव्हतंच आणि तेच तर माझं दुखणं होतं. एखादी जाऊ कजाग असती, आळशी असती, तर मी सुखाने नांदले असते. हिच्यात खोट शोधता शोधता माझी निम्मी उमर गेली.

लग्न होऊन मी अमळनेरला आले तेव्हा माहेरच्यांनी सांगून पाठवलं होतं की पोरीला खापरावरचे मांडे येतात. येत होतेच. पण सासरी पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्काला मांडा करताना पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडचा मांडा पोळपाटावर लाटून होत नाही. पुरण भरलेला गोळा थोडा थापायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवायचा, पार कोपरापर्यंत, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचा. अक्काचा मांडा इतका पातळ व्हायचा की त्याखालून तिच्या हातातल्या बांगड्या मोजाव्यात. आणि कड? कडेला जाडी म्हणून नाही. मधे जसा तसाच शेवटपर्यंत. माझाही पातळ व्हायचा, फाटायचा नाही, पण कडेला बोटभर जाड पट्टी राहायचीच. किती वर्षं प्रयत्न केला, कणीक जास्त तिंबून पाहिली, पीठ तीनदा चाळून पाहिलं. कड काही जाईना.

लग्नसराईत अक्काला पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत बोलावणी यायची. पैसे ती घेत नसे. मांडवात सगळ्यांदेखत साडी-नारळ देऊन ओटी भरायचे, तो तिचा मान. मी बरोबर जायची, कणीक तिंबायला आणि चुलीला जाळ घालायला. बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या, "अक्काना हातमा देव शे" म्हणायच्या, आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही त्यासनी जाऊ ना?" एवढंच! धुराने डोळे लाल झालेले असायचे, त्यामुळे कुणाला काही कळायचं नाही, ते एक बरं होतं. घरी येताना अक्का ती साडी माझ्या मांडीवर टाकायची, "तुले आवडनी त तू ठेव." मला दिलेली साडी हवी होती का? मला मांडवात मिळालेली साडी हवी होती.

एका वर्षी धुळ्याजवळचं एक लग्न आटोपून आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत उभ्या होतो. खापर गोणपाटात गुंडाळून अक्काच्या पायाशी. मी रस्त्यापलीकडे भुईमुगाच्या शेंगा घ्यायला गेले, आणि मागे मोठा आवाज झाला. ट्रक रस्ता सोडून थेट बाजूच्या दगडावर चढला होता आणि ट्रक आणि दगड यांच्यामधे अक्काचा उजवा हात. ड्रायव्हर इतका प्यालेला की लोकांनी खाली ओढला तरी म्हणतोय, "सोडा, माले गाडी लई जानी शे." त्याला धड उभं राहता येत नव्हतं. आणि ते खापर, मातीचं खापर हो, गोणपाटात जसंच्या तसं. चीरसुद्धा गेली नव्हती. मला त्या खापराचा इतका राग आला की तिथेच दगडावर आपटावंसं वाटलं. अक्का शुद्धीवर होती. मला म्हणाली, "विमल, शेंगा लिध्या का?"

हात वाचला, पण नावालाच. कोपर अर्धं वाकलेलं तसंच आखडून राहिलं, तीन बोटं मेली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढंच काय ते हलायचं. दोन ऑपरेशनं झाली, त्यात घरातलं होतं नव्हतं ते गेलं, आणि अक्काची मुलगी लग्नाला आलेली. म्हणून नुकसानभरपाईचा दावा लावला, धुळ्याच्या कोर्टात. जेठ, म्हणजे अक्काचे मालक, रेल्वेत, भुसावळला ड्युटी, त्यांना दर तारखेला रजा कोण देणार? आमच्या ह्यांचं सायकलचं दुकान, त्याला कुलूप लावलं की झालं. म्हणजे दर तारखेला माझा नवरा अक्काला घेऊन धुळ्याला. सकाळच्या एसटीने जायचं, दिवसभर कोर्टाच्या पायरीवर बसायचं, पुढची तारीख घेऊन संध्याकाळी परत. परत आले की गप्पा! वकील असा म्हणाला, शिरस्तेदार तसा म्हणाला, स्टँडसमोरच्या हॉटेलातली शेवभाजी काय झणझणीत! लग्न झाल्यापासून मला ह्यांनी एकदाही हॉटेलात शेवभाजी खाऊ घातली नव्हती. वेडावाकडा संशय नव्हता हो, तसलं काही मनातसुद्धा आलं नाही. दिराने वहिनीला न्यायलाच हवं. पण मी जळत होते, चांगली धडधडून जळत होते. एकदा तो ड्रायव्हर कोर्टात आला होता, शुद्धीत, मान खाली घालून बाकावर बसलेला. हे सांगत होते, अक्काने त्याला विचारलं, "भाऊ, जेवना का?" सगळ्या घराने कौतुकाने मान हलवली. मी असते तर त्याचं तोंड ओरबाडलं असतं, आणि मग घर म्हणालं असतं, बघा, विमल अशी आणि अक्का तशी.

हात गेला तरी बोलावणी थांबली नाहीत. लोक म्हणायचे, अक्का, तुम्ही नुसत्या चुलीपाशी बसा, तुमच्या नजरेखाली होऊ द्या. मग काय, अक्का पाटावर बसायची, मांडे मी करायची, आणि शेवटी ओटी अक्काची! देवपूरच्या एका लग्नात फोटोग्राफर आला. यजमानीणबाई म्हणाल्या, अक्कांचा मांड्यासोबत एक फोटो पाहिजेच. अक्का नको नको म्हणत होती. शेवटी मी माझ्या हातावरचा मांडा तिच्या डाव्या हातावर आणि त्या आखडलेल्या उजव्या हातावर नीट पसरून दिला. फोटोग्राफर मला म्हणाला, "ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा." झाले. पुढे तो फोटो त्याच्या स्टुडिओच्या काचेत लागला. हसरी अक्का, हातावर मांडा, आणि अगदी काठाला कुणाचं तरी एक कोपर. ते कोपर माझं.

ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलाने तोच फोटो कोर्टात आणला. म्हणे, बाईंचा हात निकामी झालाय असं सांगता, मग अपघातानंतर वर्षभराने या मांडे करताहेत त्या कशा? त्या संध्याकाळी अक्का घरी आली ती जेवलीच नाही. गल्लीत दोन दिवसांत बातमी फिरली की अक्काचा दावा खोटा. ज्या बायका हातात देव शे म्हणायच्या त्याच नळावर कुजबुजायला लागल्या. खोटं बोलणं अक्काला जमत नव्हतं, तेवढं एक तिला येत नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? आमचे वकील म्हणाले, मांडा ज्यांनी केला त्यांनी साक्ष द्यावी. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, येते. आणि का येते म्हटलं तेही सांगून टाकते. भर कोर्टात, शपथेवर, सगळ्यांदेखत मला म्हणायला मिळणार होतं की तो मांडा माझा आहे!

माझी नवी साडी नेसून मी धुळ्याला गेले. पुकारा झाला, पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. फोटो हातात दिला. मी ताठ मानेने सांगितलं, हा मांडा मी केलाय, हे कोपर माझं आहे. विमा कंपनीचे वकील गृहस्थ शांत होते. म्हणाले, "बाई, कोपर कुणाचंही असू शकतं. तुम्ही दोघी एकाच घरच्या, मांडा करायची पद्धत एकच. हा तुमचाच, त्यांचा नाही, हे कशावरून?"

मी फोटोकडे पाहिलं. आणि मला दिसलं... सांगता येण्यासारखं एकच होतं. गप्प राहिले असते तर कुणी मला दोष दिला नसता, अडाणी बाई गोंधळली म्हणाले असते. समोरच्या बाकावर अक्का बसली होती, तिने तो हात पदराखाली घेतला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिलाही दिसलं असणार, तिला तर पहिल्या दिवसापासून दिसलं असणार. पण तिने ते कोर्टात कुणालाही सांगितलं नव्हतं.

"त्याला कड आहे," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"माझ्या मांड्याला जाड कड राहते. फोटोत दिसतेय बघा. अक्कांच्या मांड्याला कधीच कड राहत नव्हती."

जजसाहेबांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि मला विचारलं, "म्हणजे त्यांचा तुमच्यापेक्षा चांगला व्हायचा?"

पंख्याचा आवाज येत होता. मागे आमचे हे बसलेले, गल्लीतल्या दोन बायका मुद्दाम बघायला आलेल्या... "हो," मी म्हटलं. "त्यांचा चांगला. मला तसा येत नाही." टाइपरायटर खडखडला. विमलबाई दुसऱ्या नंबरच्या, हे तेव्हापासून सरकारदरबारी नोंदलेलं आहे.

बाहेर आल्यावर अक्काने आभार मानले नाहीत, मिठी मारली नाही. असलं आमच्यात नव्हतं. स्टँडसमोरच्या हॉटेलात ती माझ्या शेजारी बसली आणि पोऱ्याला म्हणाली, "पहिले हिले वाढ." शेवभाजी झणझणीत होती हे खरं, पण ह्यांनी सांगितली होती तेवढी काही नव्हती. पुढे दावा मंजूर झाला. त्यातून देणी फिटली आणि पोरीचं लग्न झालं. त्या लग्नात मांडे मी केले. पंगती उठल्यावर अक्काने सगळ्या व्याह्यांदेखत मला पाटावर बसवलं आणि डाव्या हाताने माझी ओटी भरली. साडी मोरपिशी होती. अजून ती मी घडी मोडून नेसलेली नाही.

दाव्यानंतरच्या आखाजीला मी तिला पान वाढलं तर ती डाव्या हाताने जेवेना. उजवा हात पुढे केला, अंगठ्याने आणि त्या एका बोटाने मांड्याची कड धरली आणि वाकून तोंडाला लावली. अपघातानंतर त्या हाताने ती पहिल्यांदा जेवत होती. पातळ मांडा बोटांतून लोंबतो, गळून पडतो. जाड कड तेवढी धरता येते. "कड ठेवत जाय, विमल," ती म्हणाली, "माले धराले बरी पडस." मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही की हे खरं होतं की माझं मन राखायला बोलली. खरं असेल तर ठीकच. मन राखायला असेल तर बघा, त्यातही माझ्यापुढे गेली. नंतर ते सगळे भुसावळला राहायला गेले, जाताना खापर माझ्याकडे ठेवलं. पण आखाजीला ती दरवर्षी यायची आणि त्या हाताने कड धरून जेवायची.

परवा आखाजी झाली. आमच्याकडे आखाजीला गेलेल्यांच्या नावाने घागर पुजतात. तिच्या नावाची पहिली घागर भरली, नैवेद्याला मांडा करायचा होता. तिचंच खापर चुलीवर चढवलं. पहिलाच गोळा हातावर घेतला, फिरवला, कोपरापर्यंत गेला, आणि पाहते तर कड नाही. कुठेच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! खालून माझ्या बांगड्या दिसत होत्या. घरात सगळे होते, पण कळणारं कुणी नव्हतं. जिला कळलं असतं ती घागरीपाशी हार घातलेल्या फोटोत. असा संताप आला मला तिचा. नैवेद्याच्या पानावर तो ठेवायला वाकले, आणि उचलून घेतला. दुसरा गोळा घेतला, आणि मुद्दाम, जपून, बोटभर जाड कड ठेवून तो केला आणि पानावर वाढला.

बिनकडेचा मी चुलीपाशी बसून एकटीने खाल्ला. तो तिला धरता आला नसता.